माळकरी शेजारीण

लेकीच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी आम्ही परळच्या चाळीत खोली घेतली. शेजारच्या मालवणी काकू फारशा बोलायच्या नाहीत. रोज पाणी उकळून, गार करून आमच्या दारात ठेवायच्या आणि लेकीजवळ जाणाऱ्या प्रत्येकावर खेकसायच्या, "आधी हात धुवा."

केमोनंतर लेकीला कसल्याही वासाने उलटी व्हायची. काकूंच्या घरून मासळीचा वास कधीच आला नाही. मालवणी असून माळकरी असतील, असं मी धरून चालले.

उपचार संपले, डॉक्टरांनी सगळं खायला परवानगी दिली. मी सांगताच काकू नवऱ्याकडे वळल्या. "अवो, बांगडे घेऊन येवा. पोरीचा औषध संपला."

काका पिशवी घेऊन जवळजवळ पळालेच.

दुपारी वासामागोमाग लेक त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बस हय," काकू म्हणाल्या. "काटे मी काढतंय."