चेहऱ्यावर पाय

छापायला बसण्याआधी मी वहीत यादी करते. शाई, रूळ, ओला कागद, फडकं, पितळी वाटी. ही यादी चार वर्षं बदलली नव्हती. त्याआधी सुट्टीत मी दुसऱ्या शहरातल्या कला महाविद्यालयात जाऊन तिथल्या छापयंत्रावर चित्रं छापायची. बाहेरच्यांना यंत्र देणं त्यांनी बंद केलं. मग परभणीत घरीच, कोरलेल्या फळीला शाई लावायची, वर कागद टाकायचा आणि वाटीच्या बुडाने घासत बसायचं. एका छापाला पाऊण तास.

या उन्हाळ्यात वाटी हातातून पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सकाळी उठल्यावर अंगठा आणि शेजारची दोन बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटायची. शाळेत शिकवताना खडू निसटला, की मी मुद्दाम टाकल्यासारखा शांतपणे उचलायची. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबली आहे. दाबून घासणं थांबवलं नाही तर बोटांतला जोर जाईल, आणि गेलेला परत येईलच असं नाही. घरी येऊन वहीत लिहिलं, 'घासणे बंद'. त्याखाली काय लिहायचं ते सुचेना. आठवडाभर मी ती वही उघडायलाच घाबरत होते.

एक उपाय माहीत होता. कागदावर घडी घातलेली वाकळ ठेवायची आणि तिच्यावर उभं राहून अंगाच्या वजनाने दाबायचं. पण फळीवर कोरलेला चेहरा माझ्या आईचा होता. आमच्याकडे वहीला चुकून पाय लागला तरी हात लावून पाया पडतात.

आई तेव्हा चुडाव्याहून आली होती. शाई लावून, कागद आणि वाकळ टाकून मी नुसती उभी आहे हे तिने पाहिलं.

"कवाची उभी हायस. सुकायलीय ना ती शाई?"

"माय, पायानं दाबावं लागतंय. तुझ्या तोंडावर."

"मग दाब की. लहानपणी लाथा मारतच झोपायचीस."

माझा पाय उचलेना.

"व्हय बाजूला. माझं तोंड हाय, मीच देते पाय."

ती चढली. ऐंशीची बाई, मागच्या वर्षी न्हाणीत घसरलेली. मी तिचे दोन्ही दंड धरले. डाव्या हाताची खात्री होती. उजव्या बोटांना तिचा दंड नीट लागतही नव्हता. पकड सुटली तर मला कळेल तरी का, एवढंच डोक्यात होतं.

"पाय सरकवू नको. सरकला की दोन नाकं उमटतील."

"उमटू दे. हाय ते एक धड श्वास घेत न्हाई."

टाच ठेव, दाब, उचल. चारी कोपरे झाले. मी तिला खुर्चीत बसवलं आणि कागद उचलला. रेषा पुसट होत्या, कपाळ तर जवळजवळ कोरंच. शाई तपासली, ती ओली होती. कागदही ओला होता. मग लक्षात आलं, तिचं वजनच पुरलं नव्हतं. इतका वेळ मी माझ्या हाताला घाबरत होते, आणि त्या हाताने धरलेली आई किती हलकी झालीय हे मला समजलं नव्हतं.

"लय पांढरी आले की," ती म्हणाली. "आता तू चढ. मी समोर बसते. काय पाप लागायचं ते माझ्या देखत लागू दे."

पुन्हा शाई, नवा कागद, वाकळ. वाकळीला हात लावून कपाळाला लावला आणि चढले. टाचेखाली डोळा कुठे, ओठ कुठे, सगळं मला माहीत होतं. तिच्याकडे बघायचं मी टाळलं.

हा छाप काळाभोर उमटला. हनुवटीपाशी थोडा विरळ, तिथे टाच पोचली नव्हती. आईने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि काळ्या छापावर बोट ठेवलं.

"ही मी हाय. ती कोण?"

"तीबी तूच."

संध्याकाळी मी वहीत 'घासणे बंद'खाली लिहिलं, 'वाकळ, पाय'. दुसऱ्या ओळीत, 'आईला डॉक्टरकडे, वजन'. पुसट छाप मी कपाटात तळाशी ठेवला आहे. पुढचे नऊ छाप पायांनीच काढले, आणि प्रत्येक वेळी कागद उचलताना आधी कपाळ उमटलंय का तेच पाहिलं.