चिमणी अजून वरच आहे

उभी हयात सर्कशीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेल्या माणसाला सगळी वस्ती मास्तर म्हणायची. पोटचा मुलगासुद्धा बाबा सोडून मास्तरच म्हणायचा, मग सुनेनं तरी वेगळं काय म्हणावं! ही सून घरी बसून चित्रं काढायची. मुलांच्या पुस्तकांसाठी ससे आणि हत्ती काढून काढून तिचा जीव विटला होता. आता मात्र तिनं एक अख्खी चित्रकादंबरी हाती घेतली होती, आणि तिचा नायक होते मास्तर.

कादंबरीतल्या म्हाताऱ्यानं ट्रम्पेटवर पहिला सूर लावला, की रस्त्यावरचे दिवे माना वळवून ऐकायला लागायचे. सूर चढला की इमारतींचे जिने भात्यासारखे लांबायचे. न्हाव्याच्या दुकानातली आरशातली माणसं खुर्च्या सोडून नाचायला निघायची आणि खरी माणसं गालाला साबण फासून त्यांची वाट बघत बसायची.

यातलं निम्मं सुनेचं नव्हतंच. मास्तरांना हल्ली विसर पडत होता. आपण जेवलो की नाही ते आठवायचं नाही, पण सर्कशीची धून डोक्यात सुरू झाली की स्वयंपाकघराचं रिंगण व्हायचं.

"हळू बोल, फ्रिजमागे घोडे उभे आहेत."

"किती आहेत, मास्तर?"

"दोन. त्यातला एक लबाड आहे."

सून लगेच लबाड घोडा काढून मोकळी.

ट्रम्पेट कधीच मोडीत गेलं होतं. धून मास्तर बोटांनी वाजवायचे. ट्रम्पेटला दाबायच्या कळा तीन. ती तीन बोटं टेबलावर, डब्याच्या झाकणावर आणि सून जवळ बसली असेल तर तिच्या खांद्यावर नाचायची. सुनेला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती नुसती बोटं बघायची.

एक गोष्ट ते रोज सांगायचे आणि रोज नव्यानं. दोरीवरून चालणारी मुलगी वर आहे तोवर बँडनं थांबायचं नाही. शेवटची ओळ वाजली की तिनं समजायचं, आता उतरायचं. त्याआधी नाही. "आम्ही चिमणी म्हणायचो तिला. एवढीशी पोर. बँडनं शेवटच वाजवला नाही, तर ती बिचारी वरच राहील की नाही?"

सुनेनं चिमणीला शेवटच्या पानावर घेतलं. त्यांच्याच गॅलरीपासून समोरच्या इमारतीपर्यंत दोरी, मधोमध एका पायावर चिमणी, आणि दोरीभोवती वेढे घेत जाणारी धून, जिला शेवटच नाही. संपादिका फोनवर खूश होऊन म्हणाली, "असंच ठेवा. वाचक श्वास रोखून धरतील." नवरा मात्र म्हणाला, "मास्तरांच्या नजरेला पडू देऊ नकोस हं."

"चित्रच तर आहे," ती म्हणाली. तिथंच चुकलं.

त्या दुपारी हवा दमट होती, शाई वाळता वाळेना. मास्तरांमुळे गॅलरीच्या दाराला वरची कडी कायम लावलेली असायची. तिनं ती काढली, पान कपड्यांच्या दोरीला दोन चिमट्यांनी अडकवलं, आणि तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून ती आत धावली.

परत आली तेव्हा मास्तर स्टुलावर उभे होते. एक पाय कठड्यावर, एका हातात कपड्यांची दोरी. तीन मजले खाली फरशीचं अंगण.

तिच्या तोंडाशी आलेली किंकाळी तिनं गिळली. वर असलेल्या माणसाला हाक मारून दचकवायचं नसतं, हेही मास्तरांनीच तिला शिकवलं होतं.

"मास्तर, काय करताय?" ती जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली.

"चिमणी अजून वरच आहे." वाऱ्यानं फडफडणाऱ्या पानावरून त्यांची नजर हलत नव्हती. "पाय बघ कसे लटपटतायत तिचे. कोण गाढव आहे, शेवट वाजवला नाही त्यानं."

ते गाढव कोण, हे सुनेइतकं कुणाला ठाऊक होतं!

"तुम्ही खाली या. खालून वाजवू."

"खालून ऐकू जात नाही तिला." असं म्हणून मास्तरांनी दोरी सोडली आणि नसलेलं ट्रम्पेट धरायला ते दोन्ही हात वर न्यायला लागले.

सून गायला लागली. जे सुचलं ते, जसं जमलं तसं. हात अर्ध्यावर थांबले.

"तंबूत म्हैस शिरली का?"

"मला शेवट येत नाही, मास्तर. तुम्ही माझ्या खांद्यावर वाजवा, मी तिला ओरडून ऐकवते. माझा आवाज केवढा आहे ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"ते खरं आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा हात हळूहळू तिच्या खांद्यावर आला. तिनं एका हातानं त्यांच्या कमरेला मिठी घातली आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाला पाऊल टेकवलं.

त्यांनी धून पहिल्यापासून सुरू केली. मधूनच शेवटावर उडी मारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सून बोटांमागोमाग भसाड्या आवाजात ओरडत राहिली. दंड भरून आला, घाम डोळ्यांत उतरला. अखेर बोटं सावकाश झाली, आणि तिन्ही एकदम दाबली गेली ती तशीच राहिली.

"उतर आता, बाळा," मास्तर पुटपुटले.

पान मात्र दोरीवर तसंच होतं. मास्तरही हलेनात. त्यांचं सगळं अंग पुन्हा त्या दोरीकडे कलायला लागलं.

सगळ्या पुस्तकात तिनं सर्वांत जीव ओतून केलेलं ते पान. तिनं मोकळा हात वर केला आणि एक चिमटा सोडला. मग दुसरा. पान वळलं, हेलकावलं, तरंगत खाली निघालं. मास्तर शेवटपर्यंत बघत राहिले.

खालून तळमजल्यावरच्या शिंपीणबाई कडाडल्या, "अगं ए चित्रवाली! तुझी बाई माझ्या साबणाच्या बादलीत पडली की!"

"लागलं नाही ना तिला?" मास्तरांनी विचारलं.

शिंपीणबाईंनी वर पाहिलं. कठड्यावरचा पाय दिसला, कमरेला लटकलेली सून दिसली. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नाही हो मास्तर. ठणठणीत आहे. उभी राहिली बघा."

"मग झालं," म्हणत मास्तर आपणहून स्टुलावरून उतरले. "खेळ संपला. चहा टाक."

सुनेनं आधी कडी लावली. मग तिथंच फतकल मारून बसली, आणि चहाला बराच उशीर झाला.

पान तिनं नव्यानं काढलं. आता धुनेचे वेढे तीन ठळक ठिपक्यांपाशी येऊन संपत होते आणि चिमणी जमिनीवर उभी होती. संपादिका हिरमुसली. "अहो, वाचकांनी श्वास रोखून धरायला हवा होता."

"धरतील की. पण सोडायलाही नको का?" सून म्हणाली. "ती उतरल्याशिवाय पुस्तक मी देणार नाही."

पान वाळत होतं ते टेबलावर, घरातच. मास्तर त्यावर वाकून उभे राहिले.

"पाय फार स्वच्छ आहेत हिचे," ते म्हणाले. "रिंगणात भुसा असतो."

सुनेनं बारीक कुंचला घेतला आणि चिमणीच्या पावलांना भुसा लावला.