शिक्रेवाले आजोबा

माझे वडील उरणजवळच्या एका मिठागरावर कारकून होते. दिवाळी सरली की खाडीत आणि मिठागराबाहेरच्या पाणथळीत बदकं उतरायची. मग रविवारी पहाटे बाबा ठासणीची बंदूक घेऊन बांधावर जायचे. आणलेली पाखरं साफ करण्याचं काम माझं. आईला त्या वासानं मळमळायचं.

मागच्या दारी पायरीवर बसून मी पिसं उपटायची, आणि उपटता उपटता ती मला ओळखू यायला लागली. पंखावर हिरवा चमकता पट्टा आणि त्याला लागून पांढरं पीस असलं की हळदीकुंकू बदक. खांद्याजवळ फिकट निळा तुकडा दिसला की थापट्या. चोच-पाय बघायची गरजच उरली नाही. मादीची पिसं मातकट असतात आणि तिथं माणूस हमखास फसतो, म्हणून तीच मी जास्त निरखून बघायची.

बाबांना याचं फार कौतुक. मिठागरावर कोणी ओळखीचं आलं की ते त्याला घरी घेऊन यायचे, माझ्यापुढे पीस धरायचे आणि मी नाव सांगितलं की पाहुण्याकडे असे बघायचे, जसं काही ते पाखरू मीच घडवलं होतं. मलाही ते आवडायचं. शाळा सातवीनंतर सुटली होती. हुशार म्हणून मिरवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मला बघायला माणगावचे लोक येणार असं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी आईनं माझे हात चिंचेनं घासले. अंगठ्याच्या नखाखाली काळं बसलं होतं, ते काही निघेना. आई म्हणाली, "पोहे देताना अंगठा आत दुमडून धर." तेव्हा पहिल्यांदा मला त्या हातांची लाज वाटली.

मुलगा शाळामास्तर होता. बरोबर त्याची आई आणि मामा. मामांची लाकडाची वखार होती आणि बोलणी तेच करत होते. मुलगा खाली मान घालून पोहे खात होता. नेहमीचे प्रश्न झाले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. मग बोलणं थांबलं, आणि बाबांना ती शांतता सोसवली नाही.

"आमच्या बायला एक गोष्ट अशी येते, जी तुम्ही कुठं बघितली नसेल," ते म्हणाले, आणि आतून मी जमवलेल्या पिसांचा डबा घेऊन आले.

आई दाराआडून डोळ्यांनी नको नको म्हणत होती. बाबांनी एकेक पीस काढलं, मी नावं सांगितली. मुलगा मान वर करून बघू लागला. पण त्याच्या आईनं विचारलं, "हे तू शिकलीस कुठं?"

मी म्हटलं, "पाखरं मीच सोलते."

त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. मी अंगठे दुमडले.

मामा मात्र रंगात आले होते. त्यांनी कोटाच्या खिशातून एक लांब पीस काढलं. कान कोरायला ते तसलं काहीतरी जवळ ठेवत असावेत. "हे सांग बघू."

मी हात पुढे करायच्या आत बाबा म्हणाले, "शिक्रा! पट्टे दिसतायत की. यात ओळखायचं काय?"

मामा हसले. "शिक्रा न्हाय. कोकिळा हाय ती. आमच्या वखारीच्या मागं मरून पडली होती, पीस मी स्वतः उचललं."

"कोकिळा?" बाबांचा आवाज चढला. "कोकिळा काळी असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अहो, मी बंदूक घेऊन फिरणारा माणूस. मला पाखरं शिकवता?"

"मग तुमच्या मुलीलाच विचारा," मामा म्हणाले.

"विचारा ना! सांग गो बाय, शिक्रा आहे का नाही?"

मी पीस हातात घेतलं. शिक्र्याचं, त्या लहान शिकारी पाखराचं, पीस मूळचं फिकट असतं आणि त्यावर काळे पट्टे असतात. इथं उलटं होतं. पीस काळपट तपकिरी, पट्टे पांढरे. दाराच्या उजेडाकडे धरलं तर त्या तपकिरीवर हिरवट झाक उठत होती. आमच्या मागच्या उंबरावर काळा कोकीळ ओरडायचा, तेव्हा तसली ठिपक्याठिपक्यांची मादी पानांत बसून मुकाट्यानं फळं खायची. मी तिला कितीदा बघितलं होतं. बाबांनी कधी बघितलंच नव्हतं, ते उंबराकडे कशाला बघतील!

"सांग ना," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा आधीच खुलला होता.

मी म्हटलं, "कोकिळाच आहे, बाबा. मादी काळी नसते."

मामांनी मांडीवर थाप मारली. मुलगाही हसला, त्याला ते आवरलं नाही. बाबा डब्यात बघत राहिले. मग एकेक पीस परत आत ठेवू लागले. झाकण नीट बसेना, ते त्यांनी तसंच हातानं दाबून धरलं.

निघताना मामा म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत हाय. बापाला तोंडावर चुकलास म्हणणारी मुलगी खोटं बोलायची न्हाय." बाबांनी हात जोडले. मला आनंद झाला होता, आणि बाबांकडे बघून त्या आनंदाची लाज वाटत होती. त्या दिवशी रात्रीपर्यंत मी त्यांच्यासमोर गेले नाही.

लग्नाच्या पंगतीत मामांनी ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. "आमचे व्याही कोकिळेला शिक्रा म्हणतात!" पंगत हसली. सगळ्यांत मोठ्यानं बाबा हसले. मी मुंडावळ्यांआडून ताटाकडे बघत बसले.

त्यानंतर बाबा माणगावला आले की मामा हटकून वखारीतून यायचे आणि विचारायचे, "काय, आज शिक्रा कुहूकुहू करतोय का?" मी एकदा यजमानांना म्हटलं, मामांना जरा सांगा. ते म्हणाले, "थट्टा आहे ती. तुझे बाबा स्वतःच हसतात." मामांना मी स्वतः काही बोलू शकले असते का? त्या घरात सुनेनं मामेसासऱ्यांना बोलायची रीत नव्हती. आणि मुळात 'कोकिळाच आहे' हे वाक्य माझंच होतं.

पुढे मुलं झाली. थोरली चार-पाच वर्षांची असताना एका मे महिन्यात बाबा आले, आंब्यांची करंडी घेऊन, घामानं निथळत. थोरली ओटीवरून ओरडली, "आई, शिक्रेवाले आजोबा आले!"

घरात सगळे त्यांना माझ्या माघारी काय म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. मी बाहेर आले आणि तिच्या गालात एक ठेवून दिली. पोर कळवळली.

बाबांनी करंडी खाली टाकली आणि तिला उचललं. माझ्यावर एवढं चिडलेलं मी त्यांना पूर्वी बघितलं नव्हतं.

"तिला का मारलंस? जे ऐकलं ते म्हणाली."

"बाबा, मी त्या दिवशी..."

"तू खरं तेच सांगितलंस. तेव्हाही तुला कोणी मारलं नव्हतं."

एवढं बोलून ते तिला कडेवर घेऊन परसात गेले. आंबे ओटीवर घरंगळले होते. मी ते गोळा करत बसले. परसातून थोडा वेळ तिचं रडणं ऐकू येत होतं, मग बाबांचं हळू बोलणं. काय बोलत होते ते कळत नव्हतं, आणि जवळ जाऊन ऐकायचं धाडस मला झालं नाही. जेवायला हाक मारायची होती, ती मी यजमानांना मारायला सांगितली.