वाढत्या अंगाची लेन्स

माझी मुलगी सहा वर्षं खो-खो खेळली, आणि घरात तिच्या खेळाचे जेवढे म्हणून फोटो आहेत त्या सगळ्यांत तिची वेणी आहे. तोंड एकातही नाही. त्याला कारण मी. तिची पळायची पाळी आली की मी मैदानाच्या गेटाकडच्या खांबामागं, कडेच्या दोरीला पोट टेकवून उभा राहायचो. एका हातात तिची चप्पल आणि पाण्याची बाटली, दुसरा हात मोकळा. खांबाकडं पळत येताना ती माझ्याकडं बघायची. मागची पोरगी अंगावर आली असली की मी हात वर करायचो, आणि ही गर्रकन वळायची. हे आमचं दोघांचंच होतं, तिच्या सरांनाही ठाऊक नव्हतं. त्यामुळं तिचं तोंड दिसायचं तेव्हा माझा हात वर, आणि खिशातून मोबाइल निघेपर्यंत वेणी.

बारावीच्या वर्षी शेवटची मॅच आली. त्यानंतर नर्सिंग, होस्टेल, खेळ बंद. तिनं जन्मात कधी काही मागितलं नाही, पण तेव्हा म्हणाली, "अप्पा, तोंड दिसंल असा एक तरी फोटो काढा की."

बायको म्हणाली, "लग्नाचे फोटो काढणारा तो पोरगा बोलवा, तुम्हाला नाही जमायचं." झालं! हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलू नये. मी मोटारी रिवाइंड करणारा माणूस, केसाएवढी तार गुंडाळतो, आणि मला एक बटण दाबता येणार नाही? मेहुण्याचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. हवी होती फक्त लांबून फोटो काढायची लेन्स.

दुकानातल्या नव्या लेन्सची किंमत ऐकून मी नुसतं पाणी पिऊन बाहेर आलो. मग कुणीतरी होटगीचे एक काका सांगितले. रेल्वेतून रिटायर झालेले, तलावावर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायचे, आता गुडघ्यांनी संप केल्यामुळं सामान विकत होते.

"पक्षी कुठला?" त्यांनी विचारलं.

"माझी मुलगी."

काकांनी चष्मा काढून पुसला. खो-खो म्हटल्यावर त्यांनी वीतभर लांबीची एक लेन्स पुढं केली. "ही दोनशे एमएमची. खो-खोचं मैदान ते केवढं! बास झाली." तिच्या शेजारी हातभर लांब, पाचशे एमएमची दुसरी पडली होती. जुनी, सगळं हातानं फिरवायचं, म्हणून छोटीच्याच भावात देत होते.

त्याच भावात! आता काय सांगू, आमच्या घरात सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. पहिलीत घेतलेला माझा सदरा चौथीत मापाचा झाला. मुलीचे शाळेचे बूट पुढं कापूस कोंबून दोन वर्षं काढले. तेवढ्याच पैशात मोठं मिळत असताना छोटं उचलणारा माणूस आमच्या खानदानात जन्मलेला नाही. मी मोठीला हात घातला.

"लेन्स वाढत नसती हो," काका कळवळून म्हणाले.

"मुलगी वाढती की," मी म्हणालो. याचा अर्थ काय होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी आणल्यावर आईनं ती पाटावर ठेवायला लावली. नवी गाडी आणली की ती हेडलाइटवर विभूतीचे तीन पट्टे ओढते, तसे तिनं थेट काचेवर ओढले, मध्ये कुंकू. "आई, अगं काच हाय ती!" मी ओरडलो. "म्हणूनच की. नजर काचेलाच लागती," म्हणून तिनं पायरीवर नारळ फोडला आणि त्याचं पाणी माझ्यावर आणि लेन्सवर शिंपडलं. मी बनियननं काच पुसत बसलो.

गच्चीवर नेऊन बघितली तर तीन गल्ल्या पलीकडं वाळत घातलेल्या पापडांतले जिरे मोजता येत होते! मी लई खूश. खाली येऊन मुलीवर रोखली तर काहीच दिसेना, सगळं पिठासारखं धूसर. तिला अंगणाच्या पार टोकाला उभी केली तेव्हा एक नाकपुडी आली. "अप्पा, मैदानावर जमंल ना?" तिनं विचारलं. "मैदान मोठं असतंय," मी म्हणालो.

मैदान मोठं नव्हतं. मॅचच्या दिवशी नेहमीच्या जागी उभा राहिलो तर लेन्समध्ये तिचा कान. दहा पावलं मागं गेलो, गुडघा आला. गेटापाशी आलो तेव्हा खांदा. मागं सरकत सरकत मी रस्ता ओलांडला, पानटपरीवर पाठ आपटली, शिव्या खाल्ल्या, आणि तिथंही अर्धीच मुलगी. शेवटी समोरच्या घराची गच्ची दिसली. चप्पल, बाटली, कॅमेरा घेऊन जिना चढलो. वर एक म्हातारी शेंगा निवडत होती.

"कोण रे तू?"

"फोटो काढायचाय, आजी. माझ्या मुलीचा."

"कुटं हाय मुलगी?"

मी मैदानाकडं बोट केलं.

"मग तितं जाऊन काढ की!"

आता हिला काय समजावणार? मी लेन्स कठड्यावर ठेवून बघितलं. आहाहा! डोक्यापासून पायापर्यंत अख्खी मुलगी, खांबाकडं तोंड करून, म्हणजे सरळ माझ्याकडं. आजीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून दिली, आणि वर म्हणाली, "एवढी दुर्बीण हाय तर कोपऱ्यावर टँकर आला का बघ." शेजारच्या गच्चीवरून दुसरी ओरडली, "आमचा बी बघा हो!" पहिला डाव मी टँकर बघण्यात घालवला. व्हय, आला होता. दोघी घागरी घेऊन पळाल्या.

दुसऱ्या डावात मुलीची पाळी आली. मी श्वास धरला. ती गड्यांमधून नागमोडी निघाली, खांबाकडं वळली, मी रिंग फिरवली, आणि काचेत तिचं तोंड असं लख्ख आलं की माझ्या तोंडून "आली रे आली!" निघालं. बटण दाबलं. त्याच क्षणी शिट्टी वाजली. ती बाद झाली होती. अशी सरळ पळत येऊन ती कधी बाद झालेली मी बघितली नव्हती.

खाली येईपर्यंत मॅच संपली होती. ती अनवाणी गेटापाशी उभी होती. चप्पल माझ्याकडं होती ना. मी दिली, तिनं घातली.

फोटो घरी मोठा करून बघितला. सहा वर्षांत पहिल्यांदा तोंड. कपाळाला चिकटलेली माती, ओठाखालचा तीळसुद्धा दिसत होता. पाठीवर मागच्या पोरीचा हात टेकलेला. आणि डोळे खांबाच्या मागं, दोरीपाशी लागलेले. तिथं कुणी नव्हतं.

"लई भारी आलाय, अप्पा," ती म्हणाली. खरंच खूश होती, तोंडदेखलं नव्हतं ते.

मला राहवलं नाही. "मागं पोरगी आलेली कळली नाही का गं? वळली का नाहीस?"

फोटोवरची नजर न काढता ती म्हणाली, "तुमी हात वर करायची वाट बघत होते की."