आठवड्याचं पावणं

राजारामपुरीत अनुजाबाईंचा क्लास शोधायला पाटी लागत नाही. ज्या जिन्यावर चपलांमुळं पाय ठेवायला जागा नसते, तो जिना चढायचा. हायस्कूलमधून रिटायर झाल्यावर त्यांनी हॉलमधला सोफा भावाला देऊन टाकला आणि तिथं सतरंजी अंथरली. नवऱ्यानं, म्हणजे आण्णांनी, तेव्हापासून पेपर स्वयंपाकघरात वाचायला सुरुवात केली.

क्लासला पाचवी ते सातवीची पोरं येतात. इंग्रजीतली बरीचशी क्रियापदं सरळ असतात, शेवटी ठरलेली अक्षरं जोडली की भूतकाळ तयार. पण गो, वेंट, गॉन यांच्यासारखी काही कुणाचंच ऐकत नाहीत. असली पाठ करून येत नाहीत, त्यांना घरात ठेवून घ्यावं लागतं, असं बाईंचं म्हणणं. म्हणून दर शनिवारी प्रत्येक पोरानं एक क्रियापद पावणं म्हणून, पाहुण्यासारखं, घरी न्यायचं. जेवताखाता त्याची तिन्ही रूपं घरच्यांच्या कानावर घालायची. पुढच्या शनिवारी ज्यानं नेलं त्यानंच ते परत आणून द्यायचं, घरात कसं कसं वापरलं ते सांगून. आणि कुणी दुसऱ्याच्या चुकीला हसलं, तर त्याचंही पावणं हसणाऱ्याच्या गळ्यात. त्यामुळं तिथं कुणी हसत नाही.

आण्णांच्या घरी तर हे असले पाहुणे बारा महिने. ते पोरांना सांगतात, "मी कट, कट, कट. लग्नाआधी, लग्नानंतर आणि आत्ता, तस्साच."

"कट नव्हे, कटकट," बाई आतून म्हणतात.

यंदा जूनमध्ये मुरगूडची भैरवी सातवीला इथल्या शाळेत आली. राजारामपुरीतच आत्याकडं राहायची. पहिल्याच आठवड्यात वर्गात तिनं "मला म्हाईत न्हाय" म्हटलं, आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर ती शाळेत बोललीच नाही. क्लासमध्येही तेच. बाई तिला पावणं द्यायच्या, ती ते न्यायची, शनिवारी ओठ हलवून परत करायची. बाई ओठ वाचून मान डोलवायच्या. पण सगळ्यांच्या आधी यायची तीच, आणि क्लास सुटला तरी आण्णांच्या कपबशा विसळत रेंगाळायची. एकदा त्यांनी सहज विचारलं, "गावाकडची आठवण येत नाही होय गं?" ती नळाकडं बघत हळूच म्हणाली, "येती. पन मला हितंच शिकायचंय."

गणपती झाल्यावर एका शनिवारी, क्लास चालू असताना, तिचे वडील विजयसिंह दारात उभे राहिले. मुरगुडात त्यांचं दूध संकलन केंद्र. खाली गाडीत भैरवीची बॅग होती.

"बाई, पोरीला न्यायला आलोय," ते म्हणाले. "शाळेतनं फोन आलाता, तोंडच उघडत न्हाय म्हनं. मग उगं कशाला हाल? आमच्या गावात काय शाळा न्हाईत?"

भैरवीनं सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळायला घेतला.

बाईंनी ना समजूत घातली, ना विनवणी केली. "बसा," एवढंच म्हणाल्या. "इथं शनिवारी आलेला माणूस पावणं घेतल्याशिवाय जात नाही. तुम्हाला गिव्ह, गेव्ह, गिव्हन. गिव्ह म्हणजे देणे. काल म्हशीनं दूध दिलं, हे इंग्रजीत सांगा."

मोठा माणूस, पोरांच्या रांगेत मांडी घालून बसलेला. "बफेलो..." ते म्हणाले, "बफेलो गिव्हड मिल्क."

कुणी हसलं नाही. विजयसिंहांनी आशेनं इकडंतिकडं बघितलं आणि पुन्हा ठासून म्हणाले, "गिव्हड."

"गेव्ह, पप्पा," भैरवी म्हणाली. चांगली खणखणीत. "गेव्ह म्हना की. काल हाय न्हवं? मग गेव्ह. येस्टरडे द बफेलो गेव्ह मिल्क. परत म्हना."

पोरांनी माना वळवल्या. आण्णा पेपर हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"बफेलो गेव्ह मिल्क," विजयसिंह म्हणाले. मग बाईंकडं वळले. "बोलती की ही. घरात तर डोकं खाती माजं."

"इथं आजच बोलली," बाई म्हणाल्या.

त्यांनी लेकीकडं बघितलं. ती आता मान खाली घालत नव्हती.

आण्णांनी दिलेला चहा त्यांनी एका दमात संपवला आणि उठले. "बॅग हिच्या आत्याकडं ठिवून जातो," ते म्हणाले. "पन बाई, परीक्षेत काय उजेड पडतोय ते बघनार मी."

"बघा की."

दारात चप्पल शोधताना ते थांबले. "मग त्ये पावणं परत द्यायला मला यायलाच लागतंय व्हय? येत्या शनवारी केंद्रावर हिशोब असतोय माजा."

बाई काही बोलायच्या आत भैरवी म्हणाली, "हिशोब सकाळी करा. क्लास चारला असतोय. आनि आईलाबी शिकवा, नुसतं खिशात घालून आनू नका."