फळ्यावरचा दिनकर

रोज सकाळी दूध आणायला जाताना तालमीच्या फळ्याकडं बघायचं नाही, असं मी वर्षानुवर्षं ठरवायचो आणि रोज बघायचो. गेल्या महिन्यात एका सकाळी तिथं इंग्रजी शब्दाऐवजी 'दुःखद निधन' आणि खाली दिनकरचं नाव दिसलं. किटली हातात धरून मी तसाच उभा राहिलो... आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आजही फळा यानंच अडवला.

दिनकर माझा शेजारी. एकाच शाळेत आम्ही दोघं इंग्रजी शिकवायचो. एम.ए.ला गुण मला जास्त, उच्चार माझे चांगले, पण पेठ त्याची. रोज सकाळी तो तालमीच्या फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहायचा, शेजारी अर्थ आणि खाली पेठेतल्याच माणसांवरचं, पेठेच्याच बोलीतलं एक वाक्य. संध्याकाळी स्वतः पुसायचा. एकदा चारचौघांत त्याची फजिती करावी म्हणून मी विचारलं, "एन्व्ही आणि जेलसीत फरक काय रे?" चौकात म्हशींच्या धारा चालल्या होत्या. तिकडं बोट करून तो म्हणाला, "शेजाऱ्याची म्हस जास्त दूध देती म्हणून आपला च्या कडू लागतो, ती एन्व्ही. आपली म्हस शेजाऱ्याच्या हाकंला वळली की पोटात कालवतंय, ती जेलसी." सगळे हसले. इतकं नेमकं मला सुचलं नसतं, हेच मला सहन होईना.

कारण माझी म्हैस कधीच वळली होती. माझा तेजस लहानपणी शब्द अडला की मला ओलांडून शेजारी पळायचा. पुण्यात नोकरीला लागल्यावरही साहेबाला मेल लिहायची असली की फोन दिनकरला. "बाबा, तुम्ही अर्थ सांगता. काका वापरायचा कुठं ते सांगतात," असं तो एकदा सहज बोलून गेला. मला ते अजून लागतं.

दिवसकार्याला तेजस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या वस्तादांनी माझ्या हातात खडू ठेवला. "मास्तर, आता तुमीच की." हा फळा मला किती वर्षं हवा होता... मी 'जेलसी' लिहिलं, अर्थ लिहिला आणि अडलो.

"बाबा, वाक्य?" मागून तेजस म्हणाला.

मी लिहिलं, 'दिनकर गेला, तरी माझं पोरगं अजून त्येच्याच फळ्यापाशी उभं हाय.'

संध्याकाळी डस्टर घेऊन गेलो, तर तेजस आधीच तिथं उभा होता.

"आज नका पुसू, बाबा."

दिनकरचा एकही शब्द फळ्यावर रात्रभर राहिला नव्हता.