अजब गोठ्यातली तिफण

लग्न होऊन मी उंद्रीला आले तेव्हा सासूबाईंनी मला घरातल्या सगळ्या कामांना जुंपलं, एक सोडून. पेरणीच्या वेळी तिफणीमागे चालायचं, पदराच्या ओटीतलं बी मुठीत घ्यायचं आणि तिफणीवरच्या लाकडी चाड्यात सोडत जायचं, हे काम आमच्याकडे घरच्या बाईचं. चाड्याला तीन भोकं, त्यांच्याखाली तीन पोकळ नळ्या, आणि नळ्यांतून बी थेट जमिनीत. बैल चालत राहतात, त्यांना थांबवून विचार करत बसता येत नाही. मुठीतून बी सारखं सुटत राहिलं पाहिजे. सासूबाईंची मूठ गावात नावाजलेली. दुसऱ्यांच्या वावरातही त्यांना मानानं बोलावत. आणि मी पडले बुलढाण्याची, कचेरीतल्या कारकुनाची पोर. एकदा धीर करून मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुही मूठ पोह्यावर कोथिंबीर भुरभुरायले बरी हाय. वावरात नोको आनू."

मला असा राग आला की त्या दिवशी भाकरी जरा जास्तच करपल्या. चुलीच्या धुरानं माझे डोळे कायम लाल असायचे. सकाळी बाया शिदोऱ्या घेऊन वावराकडे निघाल्या की मी दारात उभी राहून पाहत राहायची. काम कमी पडत होतं म्हणून नाही. पण ज्या सुनेची मूठ घरच्या वावराला लागली नाही, ती घरात पाहुणीच, असं मला वाटायचं. मला पाहुणी राहायचं नव्हतं. मला तो चाडा हवा होता.

त्याच वर्षी दसरा झाल्यावर सासूबाईंच्या मोठ्या भावाचं बोलावणं आलं. हे माझे मामेसासरे धाडच्या बाजूला राहायचे, निजामाच्या मोगलाईच्या हद्दीला लागून. दरवर्षी शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पेरणीला ते सगळ्या सोयऱ्यांना बोलवत. माझ्या कानावर एवढंच आलं होतं की त्यांच्याकडे एक 'अजब गोठा' आहे, आणि तो पाहायला लांबून लांबून लोक येतात. आमची बंडी निघाली. सासूबाई पुढे, मी मागे, आणि आमचे हे बैलांशी बोलत. माझ्याशी बोलायची सोय आईपुढे नव्हती, तेव्हा बैलांचं भाग्य थोर.

पोचलो तेव्हा नाल्याकाठच्या आमराईत आधीच बंड्या सुटलेल्या होत्या. कुणी बंडीला चादरी बांधून आडोसा केला होता, कुणी काठ्या रोवून पाल ठोकलं होतं. तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या. घर एवढं मोठं असताना पाहुण्यांना झाडाखाली का उतरवलं, असं मला वाटलं. नंतर कळलं, तो मामेसासऱ्यांचाच नियम. पीठ, वांगी, तूप, गोवऱ्या सगळं त्यांचं, पण रांधायचं पाहुण्यांनी आपापलं. नाहीतर त्यांच्या घरच्या बायांचा जीव सगळ्यांना जेवू घालण्यातच जायचा. त्यामुळे मामीसासूबाई तेवढे दिवस मोकळ्या असत. आज या पालात, उद्या त्या पालात, मांडी घालून बसायच्या आणि निखाऱ्यात भाजलेले रोडगे कुणाचे खरपूस, कुणाचे कच्चे ते न लाजता सांगायच्या. एवढी हुशारीची व्यवस्था मी कुठल्याच घरात पाहिली नव्हती. माझ्या रोडग्याला त्या "आतून पीठ हाय वो" म्हणाल्या, तरी मला त्यांचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामेसासऱ्यांनी आम्हाला गोठा दाखवला. उंच, अंगानं भरलेला, दिलखुलास माणूस. ते हसले की गोठ्यातले बैल कान टवकारत, असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. बैल आता नव्या गोठ्यात होते. या जुन्या गोठ्यात त्यांनी आपल्या आज्यापणज्यापासूनची शेतीची सगळी अवजारं जपली होती. बाभळीचे नांगर, वखर, डवरे, चामड्याची मोट, बैलांच्या घुंगरमाळा, पायलीपासून चिपट्यापर्यंत लाकडी मापं, बांबूची कणगी. एका बाजूला बायांची हत्यारं, तीही तेवढ्याच मानानं मांडलेली. जातं, उखळ, सुपं, रोळ्या, खुरपी. एकावरही धूळ नाही. तेल पाजून लाकूड असं ठेवलं होतं की हात फिरवावासा वाटे.

मी हात मागे बांधून उभी होते. बुलढाण्याला शाळेत नकाशाला हात लावला तरी छडी बसायची.

"हात लाव ना सूनबाई," मामेसासरे म्हणाले. "भेतं काऊन?"

मग त्यांनीच सांगितलं. ते एकदा नागपूरला गेले होते. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार तिथूनच चालायचा, काही कामासाठी जावं लागलं. तिथं त्यांनी कुठलासा अजबखाना पाहिला. एका खोलीत नांगर ठेवलेला, भोवती दोरी बांधलेली. हा भला माणूस त्या दोरीपाशी उभा राहून डोळे पुसत होता, आणि राखणदार घाबरून विचारत होता, बाबा, काय झालं.

"मेल्यावानी दिसे तो," ते आम्हाला म्हणाले. "म्या घरी येऊन ठरवलं. ठेवाचं, पन जितं ठेवाचं. जे सालातून एकदा वावरात गेलं नाही, ते सरपन हाय."

ते जुन्याला चिकटून बसलेले होते असं मात्र समजू नका. शेतकी खात्याचे साहेब लोखंडी नांगराचे गुण सांगत गावोगाव फिरायचे, तेव्हा त्या भागात तो पहिल्यांदा यांनीच घेतला होता. बाकीच्या सगळ्या वावरात तोच चाले. फक्त विहिरीपासून बाभळीच्या रांगेपर्यंतचं एक वावर त्यांनी जुन्या रीतीला ठेवलं होतं. तिथं जुनंच अवजार, आणि राखेत जपलेलं जुन्या शाळूचं घरचंच बी. पेरायचं पाहुण्यांनी, आणि उगवण पाहूनच घरी जायचं. पेरून पळून जायला मुभा नाही. ज्याच्या हातून जिथं रिकामं राहील, त्यानं सगळ्यांसमोर तिथं बसून, बोटानं जमीन उकरून, एकेक दाणा डोबायचा. बाकीच्यांनी तोवर पोटभर चेष्टा करायची. मला ही रीत ऐकूनच आवडली. चूक झाकता येत नाही, आणि दुरुस्त केल्याशिवाय सोडूनही देता येत नाही.

सासूबाई त्या गोठ्यात निराळ्याच झाल्या होत्या. एक इवलंसं खुरपं त्यांनी भिंतीवरून काढलं आणि "दादा, हे माहं!" म्हणून मोठ्यानं हसल्या. मी त्यांना दात दाखवून हसताना तोवर पाहिलंच नव्हतं. मग त्या तिफणीपाशी गेल्या. ती त्यांच्या आईच्या वेळची. चाड्याची कड एका बाजूला झिजून गुळगुळीत झालेली, आईचं मनगट टेकून टेकून. याच चाड्यावर त्या मूठ धरायला शिकल्या होत्या. त्या कडेवर त्यांनी आपलं मनगट टेकवून पाहिलं.

पेरणीच्या दिवशी मामेसासऱ्यांनी स्वतः बैल धरले. पहिला मान बहिणीचा. सासूबाईंनी ओटी बांधली आणि बाभळीच्या बाजूनं सुरुवात केली. काय चाल होती ती! नजर चाड्यावर, पाय आपोआप मातीत, पदर खोचलेला. मी मनात कितीही जळत असले तरी पाहत राहण्यासारखं होतं ते, आणि मी पाहत राहिले. मधे एकदोनदा त्यांनी मनगट झटकलं. माशी बसली असेल, असं मला वाटलं.

मग बाकीच्या बायांच्या पाळ्या झाल्या. शेवटी विहिरीकडची पट्टी उरली, तेव्हा मामेसासऱ्यांनी आमराईकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, ये."

"तिले येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मंग शिकीन. हे वावर त्याच्यासाठीच हाय."

ओटीत बी घेतलं, मूठ चाड्यावर धरली आणि बैल चालू लागले. कुठे रिकामं राहू नये या भीतीनं मी बी असं सोडलं की मामेसासरे मागे वळून ओरडले, "अवं, पाखरायले जेवू घालून राह्यली का?" आमराईतून सगळे हसले. माझी पट्टी संपली तेव्हा पोलकं घामानं अंगाला चिकटलं होतं, आणि मी इतकी खुश होते की सासूबाईंकडे बघायचंही विसरले.

त्यानंतरचे दिवस वाट पाहण्याचे. नाल्यात धुणी, आमराईत गप्पा, रोज वेगळ्या पालात जेवण. मोगलाईतून आलेल्या बायांची बोली मला कळायची नाही आणि माझी त्यांना. तरी आम्ही वांग्याच्या भाजीवरून तासन्‌तास भांडलो. माझं सगळं लक्ष त्या वावराकडे होतं. सकाळ झाली की तोंड न धुताच धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जाऊन यायची. माझ्या पट्टीत खाडा पडला, तर सासूबाईंना कायमचं निमित्त मिळणार होतं. चाडा मग जन्मात माझ्या हाती आला नसता.

एका सकाळी मामेसासऱ्यांची हाक आली. शाळू उगवला होता. काळ्या मातीतून हिरव्या सुया निघाव्यात तशा ओळी दिसत होत्या, आणि आम्ही सगळे धुऱ्यावर गोळा झालो. तेवढ्यात कुणीतरी बोट दाखवलं. एका जागी ओळी तुटल्या होत्या. हातभर उगवलेलं, हातभर रिकामं, पुन्हा हातभर उगवलेलं, पुन्हा रिकामं.

"नव्या सुनेचं काम दिसते!" एक बाई म्हणाली, आणि सगळ्यांना चेष्टेचा जोर चढला. बुलढाण्याची हवा, कचेरीची मूठ, काय काय निघालं. माझे कान तापले. मग मी नीट पाहिलं. खाडे बाभळीकडे होते. विहिरीकडच्या माझ्या पट्टीत शाळू मेथीच्या वाफ्यासारखा दाट उगवला होता.

मी मामेसासऱ्यांकडे पाहिलं. बैल त्यांनीच धरले होते, कुणी कुठं पेरलं ते त्यांना ठाऊक होतं. ते पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे पाहत होते. सासूबाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, उजवा हात पदराखाली. माशी नव्हती बसली त्या दिवशी, हे मला तेव्हा कळलं.

मला काय झालं मी सांगू शकत नाही. ज्या बाईवर मी इतके महिने मनातल्या मनात दात खाल्ले, तिच्यावर या लोकांनी हसावं, हे मला सोसेना. डोबण्यासाठी धुऱ्यावर आणून ठेवलेलं बी मी ओटीत घेतलं, त्या रिकाम्या जागी जाऊन बसले, म्हटलं, "माझीच मूठ चुकली," आणि बोटानं माती उकरायला लागले.

"ऊठ तिथून."

सासूबाई ओळी ओलांडून माझ्यापाशी आल्या होत्या.

"इकून म्या पेरलं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सूनबाईचं तिकडं विहिरीपाशी हाय. जाऊन पाहा, मुंगी शिरनार नाही इतकं दाट हाय. हे माहं हाय."

हसणं थांबलं. मामेसासरे पुढे आले. "बाई, राहू दे. म्या गड्याकून डोबून घेतो."

"राहू कसं द्याचं, दादा? तुह्याच घरची रीत हाय." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "दोन महिने झाले. बोटं मानतच नाहीत माही."

त्या गुडघे धरत माझ्या शेजारी बसल्या. डाव्या हाताच्या बोटानं मातीत खळगा केला आणि उजवा हात उघडा करून माझ्यापुढे धरला. "बी दे." मी ओटीतले दाणे त्या तळहातावर ठेवले. त्या डाव्या हातानं एकेक उचलून मातीत घालत होत्या. आमच्याभोवती एवढी माणसं उभी होती, पण कुणी चेष्टा केली नाही. एक ओळ संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मग मातीकडेच पाहत म्हणाल्या, "औंदा आपल्या वावरात चाड्यावर तू राह्य. मी मांगं मांगं चालीन. पन मूठ आवरून सोडत जाय, नाही तं सारं बी एकाच ओळीत जाईन."

मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि मला रडू फुटत होतं. "हाव, आत्याबाई," एवढंच मी म्हणू शकले. मी त्यांच्या तळहातावर आणखी दाणे ठेवले, पण त्यांची बोटं मिटेनात आणि दाणे सांडायला लागले. म्हणून मी माझ्या दोन्ही हातांनी त्यांची ती मूठ मिटवून धरली.